अडलेल्या फायलीची साक्ष

जून महिन्यातल्या एका रविवारी, पावसाची उघडीप पाहून, आम्ही एका स्नेह्यांच्या नव्या घराच्या उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या प्रार्थनासभेला, गेलो होतो. छोटंसं बैठं घर. भिंतींना रंगाचा वास अजून येत होता. खुर्च्या शेजारच्या तीन घरांतून मागून आणलेल्या, म्हणून तीन रंगांच्या. टीपॉयवर स्टीलच्या ताटात घराच्या किल्ल्या आणि भोवती मोगऱ्याची फुलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दोन गीतं झाली आणि घरमालक साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहिले. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेला माणूस. बोलताना गळा दाटून आला. घर बांधून तयार होतं, पण भोगवटा प्रमाणपत्र आठ महिने अडलं होतं. नवरा-बायकोने उपास केले, पहाटे उठून प्रार्थना केल्या. मग कुणीतरी योग्य माणसाची गाठ घालून दिली, थोडं वजन ठेवावं लागलं आणि प्रभूने दार उघडलं. ‘वजन’ हा शब्द त्यांनी आवाज न बदलता उच्चारला. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मीही म्हटलं.

तो आमेन मला चार महिने झोपू देत नाहीये. आणि वाचकहो, आपला इतक्या वर्षांचा संबंध असा आहे की, संपादकाला जे वर्षभर टोचलं तेच तो दिवाळीत तुमच्यापुढे मांडणार, हे तुम्हाला माहीत असतं. तेव्हा यंदा हेच.

लाचेला आपल्या भाषेत किती माणुसकीचे शब्द आहेत ते पाहा. चहापाणी, चिरीमिरी, वजन, पाकीट, वरचा खर्च, खुशी. लाच हा शब्द फक्त वर्तमानपत्रात येतो आणि तोही दुसऱ्याच्या नावापुढे. घेणारा तो लाचखोर, देणारा तो व्यवहारी. ‘मी लाच दिली’ असं वाक्य मी अख्ख्या आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘द्यावे लागले’ असंच ऐकलं. मराठी व्याकरणाची ही एक सोय आहे. ‘द्यावे लागले’ म्हटलं की कर्ता निघून जातो आणि मागे फक्त नाइलाज उरतो. इथपर्यंतही मी समजून घेईन. पण त्या वाक्याला आता शेपूट फुटलंय : ‘द्यावे लागले आणि देवाच्या कृपेने काम झाले.’ म्हणजे निघून गेलेल्या कर्त्याच्या जागी आपण देवाला आणून बसवलं. पैसे आपण मोजले, पाकीट आपण दिलं, सही अधिकाऱ्याने केली आणि पावती मात्र फाडली देवाच्या नावाने.

मी ख्रिस्ती आहे, आणि या अंकाचे वाचक सगळ्या वाटांवरचे आहेत. वारीला जाणारे आहेत, देव न मानणारे आहेत, आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तर आहेतच. आज मी माझ्या श्रद्धेच्या भाषेत बोलणार आहे, कारण हे दुखणं मला त्याच भाषेत झालं आहे. तुमच्या घरात ते दुसऱ्या भाषेत असेल.

वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे, तो थोडक्यात घेतो. जयंत नारळीकर गेले. पोप फ्रान्सिस गेले. शिवाजी महाराजांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्याचा आनंद झाला. मराठवाड्यात सप्टेंबरच्या पुराने उभी पिकं आणि खालची माती दोन्ही नेलं, त्याविषयी आतल्या पानांत दोन लेख आहेत, ते आधी वाचा. आणि ऑगस्टच्या अखेरीस विरारला एका अनधिकृत चार मजली इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ माणसं गेली. तिथल्या एका घरात त्याच संध्याकाळी लहान मुलीचा पहिला वाढदिवस झाला होता.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. विषय जानेवारीतच ठरला होता. तेव्हा डोक्यात होती ती ओटी, माजघर, गिरणगावातली दहा बाय बाराची खोली, परदेशातल्या मराठी माणसाने देव्हाऱ्यासाठी किंवा क्रूसासाठी शोधलेला भिंतीचा कोपरा. तसे लेख आले आहेत आणि ते सुंदर आहेत. पण विरारनंतर मला त्या विषयाकडे पूर्वीसारखं पाहता येईना. शेजारच्या नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. कोर्टाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या, २०२५च्या सुरुवातीपर्यंत ते काम चाललं होतं. तिथल्या कुटुंबांनी पै पै जमवून घरं घेतली होती. ४१ इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. प्रत्येक मजल्याला कुणीतरी डोळे मिटलेले असतात, आणि मिटण्याचे पैसे घेतलेले असतात. नळाचं कनेक्शन, वीज मीटर, घरपट्टीची पावती, प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावरून गेलेला असतो.

विरार-नालासोपाऱ्याच्या याच वसई पट्ट्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक माणूस उभा राहिला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचा शेतकरी घरातला मुलगा, कॅथलिक धर्मगुरू, १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. वाडीतल्या विहिरींचं गोड पाणी टँकरने उपसलं जात होतं, बागायती जमिनींवर बिल्डरांची आणि त्यांच्या गुंडांची नजर होती. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असे सगळे रस्त्यावर आले आणि फादर त्यांच्या पुढे होते. धमक्या आल्या. धर्मगुरूने मिस्सा करावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असं म्हणणारे बाहेर होते तसे आतही होते. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना लेखक म्हणून पाहिलं. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथाचा तो मान होताच. पण मला ते नेहमी वसईच्या रस्त्यावरचे फादरच आठवतात. २५ जुलै २०२४ला ते गेले. त्यानंतरच्या वर्ष-सव्वा वर्षात त्यांच्याच तालुक्यात हे सगळं झालं. ते असते तर काय म्हणाले असते, हे मी सांगणार नाही. त्यांनी जे म्हणायचं ते पस्तीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

‘प्रभूने दार उघडलं’ या शब्दांमुळे मला बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्यं’ हे पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. त्या पुस्तकात दारं खरोखर उघडतात. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला कोठडीत गीतं गात असताना भूकंप होतो आणि सगळ्या कोठड्यांची दारं उघडतात. रविवारच्या शाळेत या दोन्ही गोष्टी आम्हाला फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकवल्या होत्या. तिसरी गोष्ट कुणी शिकवली नाही, कारण तिच्यात दार उघडतच नाही.

पौल कैसरियात कैदी होता. समुद्रकाठचं शहर, रोमन सुभेदाराचं ठाणं. सुभेदाराचं नाव फेलिक्स. हा मुळात गुलामगिरीतून सुटलेला माणूस. भाऊ बादशहाच्या दरबारात वजनदार, म्हणून याला सुभा मिळालेला. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याच्या कारभाराबद्दल फार वाईट लिहून ठेवलं आहे. पहिल्या सुनावणीत आरोप करणाऱ्यांच्या वकिलाने फेलिक्सची भरपूर स्तुती केली. पौलाने आपली बाजू मांडली आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेला की, आपल्या लोकांसाठी दानधर्माची रक्कम घेऊन मी यरुशलेमेत आलो होतो. माझी समजूत अशी की, फेलिक्सचे कान तिथेच टवकारले. या माणसामागे पैसा आहे. त्याने निकाल दिला नाही. सरदार लुसिया आला म्हणजे पाहू, असं म्हणून तारीख पुढे ढकलली. मोठे साहेब आल्यावर बघू. हे उत्तर आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही?

पुढचं सगळं या पुस्तकाचा लेखक लूक याने अगदी सरळ लिहिलं आहे. फेलिक्स पौलाला वरचेवर बोलावी, त्याच्याशी बोलत बसे, आणि त्याला आशा होती की पौलाकडून पैसे मिळतील. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं! पौल उघड उघड निर्दोष होता. त्याला कोंडून ठेवायला कारण एकच, की त्याने पैसे दिले नाहीत. त्याला रोमला जायचं होतं. रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहून झालं होतं, तिथून पुढे स्पेनला जायचा बेतही त्यात लिहिला होता. मोठं काम होतं, देवाचं काम होतं. ‘कामाच्या भल्यासाठी’ थोडं वजन ठेवायला याहून चांगलं निमित्त कुणाला मिळालं असेल?

आणि पैसे उभे राहिले नसते असंही नाही. मित्रांना भेटायची मोकळीक होती. सुवार्तिक फिलिप्पाचं घर त्याच कैसरियात होतं. अटकेपूर्वी पौल त्याच घरात उतरला होता. आशिया प्रांतात, मासेदोनियात, ग्रीसमध्ये त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मंडळ्या होत्या, फिलिप्पैच्या मंडळीने तर त्याला याआधीही मदत पाठवली होती. एक शब्द टाकला असता तरी पुरला असता. तो शब्द त्याने टाकला नाही. फेलिक्ससमोर तो बोलला ते नीतिमत्त्वाबद्दल, संयमाबद्दल आणि येणाऱ्या न्यायाबद्दल. लाचेची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, त्याच्याच ताब्यात असताना. फेलिक्स घाबरला, असं लूक लिहितो. घाबरला आणि म्हणाला, तूर्त जा, सवड झाली की बोलावीन.

देवदूत आला नाही. भूकंप झाला नाही. दोन वर्षांनी फेलिक्सची बदली झाली आणि जाताना लोकांना खूश ठेवायला तो पौलाला तुरुंगातच ठेवून गेला. नवा सुभेदार फेस्त आला आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी पन्नास वर्षं साक्षी ऐकतोय. नोकरी लागल्याच्या, व्हिसा मिळाल्याच्या, ऑपरेशन यशस्वी झाल्याच्या, मुलीचं लग्न ठरल्याच्या. ज्याचं काम झालं त्याच्या हातात माइक जातो. ज्याने पाकीट दिलं नाही आणि म्हणून ज्याची फाइल आजही त्याच कपाटात त्याच लाल फितीत पडली आहे, तो मागच्या बाकावर बसतो. त्याला कुणी पुढे बोलावत नाही. उलट त्याच्यासाठी प्रार्थना करतात की, प्रभू, याच्या विश्वासातली उणीव भरून काढ. मला हे भयंकर वाटतं. आमच्या मंडळीतल्या एका शिक्षिकेच्या निवृत्तिवेतनाचा कागद तीन वर्षं फिरत होता, कारण त्या बाई कुणाला ‘भेटल्या’ नाहीत. तीन वर्षं त्यांनी शिकवण्या घेतल्या. त्यांना आम्ही एकदाही साक्ष द्यायला उभं केलं नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

शाळेत रजेचा अर्ज लिहिताना खाली ‘आपला आज्ञाधारक’ असं लिहायला आपण सगळे शिकलो. आज्ञाधारक हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा भेटतो तो तिथे, मुख्याध्यापकांच्या दारात. पुढे तो सरकारी अर्जाखाली येतो. आज्ञाधारक म्हणजे साहेब सांगतील तसं ऐकणारा, इतकाच त्याचा अर्थ आपल्या मनात मुरला आहे. खिडकीतला माणूस तीन बोटं दाखवतो आणि आपण ऐकतो. देवाचं ऐकणं मात्र रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. पौलाने त्या तुरुंगात जे केलं त्याला मी आज्ञापालन म्हणतो. ते देवळात घडलं नाही. अधिकारी समोर होता, कागद अडला होता आणि सुटकेचा मार्ग उघड दिसत होता, तेव्हा ते घडलं.

खुर्चीच्या या बाजूचं बोललो, तसं त्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण आमच्यातली कितीतरी माणसं सरकारी खुर्च्यांवर आहेत. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा माणूस. तो म्हणेल, सोडा ही नोकरी, असं वाटतं. तो तसं म्हणाला नाही. ठरवून दिलंय तेवढंच घ्या, जास्त घेऊ नका, इतकंच त्याने सांगितलं. शिपायांना सांगितलं, कुणाला धमकावून पैसे काढू नका, पगारात भागवा. पश्चात्ताप म्हणजे काय, याचं उत्तर त्याने पगार आणि पावती यांच्या हिशेबात दिलं. आणि जुन्या करारातल्या दानीएलाकडे राज्याच्या हिशेबावर देखरेख करायचं काम होतं. त्याच्या वैऱ्यांनी त्याची दप्तरं चाळली, एकही चूक सापडली नाही, तेव्हा कुठे त्यांना त्याच्या प्रार्थनेवर बंदीचा कायदा करवून घ्यावा लागला. आपली दप्तरं चाळली तर विरोधकांना प्रार्थनेपर्यंत जायची गरज पडेल का?

‘जकातदार’ हा मराठी बायबलातला शब्द आमच्या पिढीला समजावून सांगावा लागला नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तोवर मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा पाहतच आपण शहरात शिरत होतो. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. बुटका होता, म्हणून येशूला पाहायला झाडावर चढला. मराठी भाषांतरात ते झाड उंबराचं आहे, त्यामुळे लहानपणी मला यरीहो आमच्या नगर जिल्ह्यातच कुठेतरी वाटायचं. येशू खाली थांबला, वर पाहिलं आणि म्हणाला की, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. त्या घरात काय बोलणं झालं, ते लूक लिहीत नाही. जक्कय उभा राहून काय म्हणाला तेवढं लिहितो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. मला इथे नेहमी देहूचा डोह आठवतो. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते. देव घरात आला की पहिली हलते ती हिशेबाची वही, ही गोष्ट यरीहोला माहीत होती आणि देहूलाही.

आता माझी वही.

वडील गेल्यानंतर गावाकडच्या दोन एकरांवर वारसनोंद लावायची होती. तीन खेटे झाले. चौथ्या वेळी कचेरीबाहेर एक ओळखीचा भेटला. म्हणाला, ‘सर, तुम्ही कशाला उन्हात येता? मी बघतो ना.’ त्याने आकडा सांगितला, मी दिला. सरकारी शुल्क किती, बाकीचे कशाचे, हे मी विचारलं नाही. न विचारणं हेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. पंधरा दिवसांत फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर आमची नावं आली. आई म्हणाली, ‘देवाची कृपा.’ मी मान हलवली. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. आई आता नाही. जूनमधल्या त्या घरात ज्याला मी आमेन म्हटलं ती साक्ष माझ्या स्नेह्यांची होती तशी माझीही होती, म्हणून इतकी टोचली.

याचा अर्थ मी कुणावर दगड मारायला उभा आहे, असा नाही. मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात, स्ट्रेचरवर पोर ठेवून, वॉर्डबॉयच्या हातात पन्नासाची नोट कोंबणारी बाई माझ्यापेक्षा देवाच्या जवळ आहे, याबद्दल मला शंका नाही. तिला लुटलं गेलं, तिने लाच दिली नाही. माझं म्हणणं आहे ते ज्यांची थांबण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी. माझी होती. दोन एकर जमीन कुठे पळून जात नव्हती. आणखी सहा महिने, एक लेखी तक्रार, वरच्या कचेरीत एक अपील, एवढंच करायचं होतं. ऐपत असलेला माणूस घाईने पैसे देतो तेव्हा तो फक्त स्वतःची रांग मोडत नाही, त्या खिडकीचा भाव ठरवतो. माझ्या मागे उभ्या असलेल्या, अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला मग तोच भाव सांगितला जातो, आणि तिच्याकडे द्यायला काही नसतं. मी तिचं काम अडवलं. मला हे तेव्हा दिसलं नाही.

आणि आता ‘मार्गच नव्हता’ असंही म्हणता येत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या सेवेला मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक कचेऱ्यांच्या भिंतींवर लावलेला असतो, आपण त्याच्याच खाली उभे राहून पाकीट देतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ज्याच्याकडून जबरदस्तीने घेतली त्याने सात दिवसांच्या आत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. कायदा सात दिवस देतो. आपण सातव्या दिवशी उपकारस्तुती करतो.

मंडळीबद्दलही एक वाक्य लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. मिशन कंपाउंडच्या जमिनींचे वाद किती गावांत कोर्टात पडले आहेत, विश्वस्त समितीच्या निवडणुकीत काय काय चालतं, आणि दानपेटीतल्या रकमेचा हिशेब सभासदाने मागितला तर त्याच्याकडे कसं पाहिलं जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. यरुशलेमेसाठी गोळा केलेली मदत घेऊन जाताना पौलाने सोबत आणखी माणसं घेतली, मंडळ्यांनी निवडलेली. इतक्या मोठ्या रकमेबाबत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, असं त्याने करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं. देवासमोर चोख असणं त्याला पुरेसं वाटलं नाही, माणसांसमोरही चोख असायचं होतं. आपल्याकडे हिशेब मागणाऱ्याला विश्वास कमी म्हणतात. ज्या मंडळीचा ताळेबंद फळ्यावर लागत नाही, तिच्या व्यासपीठावरून सचोटीचा उपदेश मी ऐकून घेणार नाही.

ऑगस्टमध्ये माझीही परीक्षा झाली. दिवाळी अंक जाहिरातींवर जगतो, हे १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनच्या प्रत्येक संपादकाला माहीत आहे. एका जाहिरातदाराने या अंकासाठी चार रंगीत पानं देऊ केली. अट एकच : बिल दुपटीचं करायचं, वरची रक्कम रोखीने परत द्यायची. ‘सगळेच करतात, तुमच्या खिशातून काही जात नाही,’ असं फोनवरचा मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला. त्याचं वय पंचविशीच्या आसपास असेल. त्याला ही गोष्ट कुणीतरी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कामाचा भाग म्हणून शिकवली असणार, याचं मला जास्त वाईट वाटलं. मी रात्रभर विचार केला. विचार केला हे लपवत नाही, कागदाचे भाव तुम्हाला माहीत आहेत. सकाळी नाही म्हणून कळवलं. त्याच्या ओळखीच्या आणखी दोन जाहिराती मग आल्याच नाहीत.

त्यामुळे सोळा पानांचा एक फर्मा कमी करावा लागला. एक दीर्घकथा आणि दोन ललित लेख पुढच्या वर्षावर गेले. तिन्ही लेखकांना मी स्वतः फोन केले, कारण सांगितलं. तिघांपैकी एक नाराज आहेत आणि त्यांना तो हक्क आहे. अंकाची किंमत गेल्या वर्षीइतकीच ठेवली आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या अंकात आम्ही वीस पानं राखून ठेवतो आहोत, ज्यांनी दिलं नाही आणि ज्यांचं काम अजून झालेलं नाही अशांसाठी. भोगवटा प्रमाणपत्र, वारसनोंद, निवृत्तिवेतन, जातीचा दाखला, परवाना, बदली, काहीही असो. कुठल्या कचेरीत, किती खेटे झाले, घरचे काय म्हणाले, रात्री काय वाटलं, ते लिहा. देव मानत असाल तर त्याच्याशी काय बोलणं झालं तेही लिहा. शेवट गोड नसला तरी चालेल. तुमचं नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्या निवृत्त शिक्षिकेला मी गेल्या आठवड्यात विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?’ पण लिहिते म्हणाल्या. पहिला मजकूर त्यांचा असेल. पत्ता चौथ्या पानावर आहे, मजकूर मेअखेरपर्यंत पाठवा.